जाळी झालेल्या पानांचा हिशेब

मेलबर्नला लेकीकडे किंवा मुलाकडे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काळात राहून येणारे मराठी आजी-आजोबा आता पुष्कळ आहेत. तिथला तो भर उन्हाळा. सेंट किल्डा रोड, रॉयल परेड, फिट्झरॉय गार्डन्स अशा ठिकाणी दुतर्फा उभी असलेली प्रचंड झाडे पाहून ते हरखतात. पण एखाद्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस काही झाडे तपकिरी दिसतात. आग लागून गेल्यासारखी. पान हातात घेऊन पाहिले, तर शिरा तेवढ्या उरलेल्या आणि मधला गर गायब. जाळीदार पडद्यासारखे ते पान उन्हाला धरले की आरपार दिसते. झाड मेले असा समज होणे साहजिक आहे. ते मेलेले नसते. मात्र ‘मेलेले नाही’ म्हणजे ‘काही झाले नाही’ असेही नव्हे. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी खरी गोष्ट आहे. ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण झाडावर कीड दिसली की आपल्याकडेही एक तर औषधाचा पंप बाहेर येतो, नाही तर कुऱ्हाड.

ही झाडे एल्मची. आपल्याकडचा वावळ याच कुळातला. उन्हाळ्याच्या तोंडावर चकतीसारख्या पातळ, कागदी फळांचे घोस वावळावर लटकतात आणि वाऱ्याबरोबर भिरभिरत सगळीकडे पसरतात. एल्मची फळेही तशीच असतात. दोन्ही पानगळी वृक्ष. एल्मची पाने खाणारा हा कीटक मूळचा युरोपातला, सहा-सात मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा. पिवळट-हिरव्या पाठीवर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या. शास्त्रीय नाव झॅन्थोगॅलेरुका ल्युटिओला. नाव अवघड असले तरी घराणे आपल्या ओळखीचे आहे. काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या पानांची चाळण करणारे लाल भुंगेरे ज्या उपकुळातले, त्यातलाच हाही. भातावरचा काटेरी भुंगेराही याच मोठ्या कुळातला. आणि गाजरगवत खावे म्हणून १९८४ पासून आपण आपल्या हाताने सोडत आलो, ते मेक्सिकन भुंगेही याच कुळातले. ते पावसाळ्यात गाजरगवत फस्त करतात आणि प्रतिकूल काळात जमिनीत झोपून राहतात. मध्यंतरी ते सूर्यफुलावर दिसले म्हणून मोठी चर्चाही झाली होती. तेव्हा पाने खाणारा भुंगेरा म्हणजे सरसकट शत्रू, असे या कुळाबाबत म्हणता येत नाही. कोणता भुंगेरा, कोणत्या झाडावर आणि किती, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

या भुंगेऱ्याचे वर्ष तिथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते. हिवाळाभर सालीखाली, लाकडांच्या ढिगात, गॅरेजमध्ये, घराच्या फटीत दडून बसलेले प्रौढ भुंगेरे एल्मला पालवी फुटली की बाहेर येतात. पानाला बारीक भोके पाडत खातात. मग मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळी, लिंबाच्या आकाराची अंडी ओळीने, उभी चिकटवते. एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालते. खरे नुकसान करतात त्या अळ्या. पानाच्या खालून गर खरवडून खातात, शिरा आणि वरचा पातळ पापुद्रा ठेवतात. पोट भरले की अळ्या खोडावरून खाली उतरतात आणि बुंध्याशी कोषात जातात. झाडाच्या पायाशी हळद सांडल्यासारखे पिवळेधमक कोष पडलेले दिसतात. पुढची पिढी त्यातूनच बाहेर येते. उन्हाळा लांबला, तापला, तर एका हंगामात दुसरी पिढीही पूर्ण होते. आणि ती दुसरी पिढीच महागात पडते.

कारण असे. पहिल्या हल्ल्यानंतर एल्म स्वस्थ बसत नाही. खोडात-मुळांत साठवलेला स्टार्च मोडून ते नवी पाने काढते. आपण दुष्काळात बँकेतली मुदत ठेव मोडतो, तसेच. नवी कोवळी पाने आली की दुसरी पिढी त्यावर तुटून पडते. म्हणजे ठेव मोडली आणि त्यातून घेतलेले बियाणेही पाखरांनी खाल्ले. एका वर्षी असे झाले तर निरोगी झाड सहज सावरते, उन्हाळा संपता संपता पाने गेली असतील तर फारसे बिघडतही नाही. पण हेच तीन-चार वर्षे ओळीने घडले आणि त्यातच पाऊसही रुसला, तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. मेलबर्नने १९९७ ते २००९ या काळात असा दीर्घ दुष्काळ पाहिला आहे. उद्यानांना पाणी देण्यावर बंधने आली आणि जुने एल्म अशक्त झाले. भुंगेऱ्याला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता मिळणार?

सावलीचा विषय इथे केवळ शोभेचा राहत नाही. २००९ च्या जानेवारीत मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. २६ जानेवारी ते १ फेब्रुवारी या एका आठवड्यात व्हिक्टोरिया राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू अधिक झाले, असे तिथल्या आरोग्य खात्याच्या अहवालात नमूद आहे. त्यात वृद्धांचे प्रमाण मोठे होते. या मृत्यूंचा भुंगेऱ्याशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. मात्र त्यानंतर शहराने झाडांकडे शोभेऐवजी उन्हापासूनचे संरक्षण म्हणून पाहायला सुरुवात केली. २०१२ च्या नागरी वन आराखड्यात सार्वजनिक जागांवरील वृक्षछत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आता गंमत पाहा. एल्मची पाने जाळीदार होतात ती ऐन उन्हाळ्यात, सावलीची गरज सर्वाधिक असते तेव्हा. वृक्षगणनेच्या वहीत झाड आहे, रस्त्यावर सावली नाही. वृक्षांची नुसती संख्या मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

मग युरोपातल्या या झाडांसाठी ऑस्ट्रेलियाने एवढा जीव का टाकावा? कारण युरोपातच ती फारशी उरली नाहीत. ‘डच एल्म रोग’ नावाच्या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले एल्म साफ केले. रोगाच्या नावात डच आले ते हॉलंडचा दोष म्हणून नव्हे. १९२० च्या दशकात बेआ श्वार्झ आणि क्रिस्टीन बाउसमन या डच शास्त्रज्ञ स्त्रियांनी त्याचा छडा लावला, म्हणून. शोध लावणाऱ्यांच्या देशालाच रोगाची बदनामी चिकटावी, हा विज्ञानाच्या इतिहासातला नेहमीचा अन्याय. १९७० च्या दशकात या रोगाची अधिक जहाल लाट आली आणि एकट्या ब्रिटनने दोन कोटींहून अधिक एल्म गमावले. ऑस्ट्रेलियात ही बुरशी पोहोचलेली नाही. त्यामुळे मोठ्या, जुन्या युरोपीय एल्मच्या जगातल्या मोजक्या उरलेल्या रांगांपैकी काही आज मेलबर्नमध्ये आहेत.

इथे दोन भुंगेऱ्यांची गल्लत होते, ती आधी सोडवू. पाने खाणारा भुंगेरा वेगळा आणि सालीखाली बोगदे पोखरणारा भुंगेरा वेगळा. डच एल्म रोगाची बुरशी पसरवतो तो दुसरा. पाने खाणाऱ्याचा त्या बुरशीशी संबंध नाही. मात्र सालीतला भुंगेरा अंडी घालायला अशक्त, वाळत चाललेली फांदी शोधतो. धडधाकट फांदीत त्याची डाळ शिजत नाही. म्हणजे पाने खाणारा भुंगेरा झाडाला थकवतो आणि थकलेले झाड सालीतल्या भुंगेऱ्याचे पाळणाघर बनते. हा सालीतला भुंगेरा मेलबर्नमध्ये १९७४ पासून आहेच. पाने खाणारा १९८९ मध्ये मेलबर्नच्या दक्षिणेला मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर आढळला. योगायोग असा की त्याच वर्षी शेजारच्या न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड शहरात, डच एल्म रोग सापडला. वाहक हजर, अशक्त झाडे हजर. तेवढी बुरशी यायची बाकी आहे. डासांनी भरलेल्या गावात हिवतापाचा एकही रुग्ण नाही, अशी ही अवस्था. असे गाव निरोगी असते, पण निर्धास्त नसते.

म्हणून मेलबर्न परिसरात पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यावर उपाय केले जातात आणि त्यातला मुख्य उपाय आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असलेला आहे: इमिडाक्लोप्रिड. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी आपण हेच वापरतो. फरक देण्याच्या पद्धतीत आहे. वीस-पंचवीस मीटर उंच झाडावर भर शहरात फवारणी करायची तर औषध पानांपेक्षा बाल्कन्यांवर आणि माणसांवर जास्त पडेल. त्यामुळे ते मुळांभोवतीच्या मातीत किंवा थेट खोडात टोचतात. औषध आंतरप्रवाही असल्याने पाण्याबरोबर वर चढते, पानात पोहोचते आणि पान खाणारी अळी मरते. मोठ्या झाडात वर पोहोचायला त्याला काही आठवडे लागतात, म्हणून नुकसान दिसल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. परिणाम मात्र एका हंगामापेक्षा जास्त टिकतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर फवारणीपेक्षा टोचणी निःसंशय बरी. कपाशीच्या पिकात छातीएवढ्या झाडांतून, वाऱ्याच्या तोंडावर, तोंडाला जेमतेम फडके बांधून फवारणी करणाऱ्या आपल्या मजुराला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पण झाडात गेलेले औषध झाडापुरते राहते, असेही नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आणि मेरीलँड राज्यात एल्मवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लाकूड पोखरणाऱ्या दुसऱ्याच एका भुंगेऱ्याला रोखण्यासाठी झाडांना इमिडाक्लोप्रिड दिले जात होते. पुढे दिसले ते असे की औषध दिलेल्या एल्मवर कोळी किडीचा उद्रेक झाला. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे या औषधाने तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक विषबाधेने कमी झाले आणि औषध दिलेल्या पानांवर कोळ्यांची वीणही वाढलेली आढळली. एक कीड गेली, दुसरी आली आणि दुसरीसाठी पुन्हा औषध. द्राक्ष आणि भाजीपाला बागायतदारांना या चक्राची ओळख आहे. फरक इतकाच की बागेत त्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि शहरात करदात्याच्या.

दुसरा प्रश्न मधमाश्यांचा. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या विल्सनविल गावी जून २०१३ मध्ये एका दुकानाच्या वाहनतळावरच्या ५५ लिंडन झाडांवर मावा घालवण्यासाठी याच गटातल्या दुसऱ्या औषधाची फवारणी झाली. झाडे ऐन फुलोऱ्यात होती. काही दिवसांत सुमारे ५० हजार भुंगामाश्या झाडांखाली मरून पडल्या. पुढे त्या राज्याने लिंडनवर ही औषधे वापरायला मनाई केली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला आणि ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेने २०१९ मध्ये या गटाचा फेरविचार हाती घेतला. एल्मच्या बाबतीत धोका लिंडनएवढा नाही, हेही सांगितले पाहिजे. एल्मचे परागीभवन वाऱ्याने होते, त्याच्या फुलांत मध नसतो आणि फुले पालवीआधीच येऊन जातात. मधमाश्या एल्मचे पराग गोळा करतात खऱ्या, पण लिंडनवर जशी झुंबड उडते तशी इथे उडत नाही. मातीत टोचलेले औषध मात्र जवळच्या फुलझाडांच्या मुळांनाही मिळू शकते. बुंध्याशी फुलांचे ताटवे असतील तर हा हिशेब बदलतो.

झाडाला स्वतःला काही करता येते का? याचे उत्तर बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत मोनिका हिल्कर आणि टॉर्स्टन मायनर्स यांनी शोधले आणि ते वाचताना मी थक्क झालो होतो. भुंगेऱ्याची मादी अंडी घालण्यापूर्वी पानाचा पृष्ठभाग किंचित कुरतडते आणि एका चिकट स्रावाने अंडी तिथे डकवते. त्या जखमेला हा स्राव लागला की एल्म विशिष्ट वासाची द्रव्ये हवेत सोडू लागते. अंडी असलेलेच पान नव्हे, शेजारची पानेही. त्या वासावर एक परोपजीवी कीटक येतो. गांधीलमाशीच्या जातकुळीतला, पण टाचणीच्या डोक्याएवढा. तो भुंगेऱ्याच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी बाहेर पडण्याआधीच संपते. संशोधकांनी पानावर नुसते ओरखडे काढून पाहिले, तेव्हा हे घडले नाही. ओरखड्यावर मादीचा स्राव लावला, तेव्हा घडले. म्हणजे पान फाटले एवढ्यावर झाड ओरड करत नाही. अंडी पडली हे त्याला कळते, अजून एकही अळी जन्मलेली नसताना. झाडाला ‘कळते’ हा शब्द सैल आहे, पण दुसरा चटकन सुचत नाही.

मग हे हत्यार सगळीकडे का चालत नाही? कारण भुंगेरा समुद्र ओलांडतो तेव्हा त्याचे शत्रू बहुधा मागे राहतात. अमेरिकेत तो १८३० च्या दशकात बाल्टिमोरला उतरला तेव्हा हा परोपजीवी त्याच्यासोबत नव्हता. झाडाने वास सोडला तरी ऐकणारे कोणी नाही. पुढे कॅलिफोर्नियात युरोपातून हा कीटक आणि अळ्यांवर जगणारी एक माशी आणून सोडली गेली. माशी रुजली. अंड्यांवरचा परोपजीवी काही ठिकाणी टिकला, काही ठिकाणी नाही. त्यामुळे ‘मित्रकीटक सोडा, प्रश्न मिटला’ असे सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहावे. आपले मेक्सिकन भुंगेही काही गावांत गाजरगवत उघडे पाडतात आणि पलीकडच्या गावात गवत डोक्याएवढे वाढते.

कॅलिफोर्नियातल्या अनुभवातून निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे मोजणी. भुंगेऱ्याची वाढ तापमानावर चालते. साधारण ११ अंशांच्या खाली ती थांबते. वसंतापासून रोजचे तापमान या पातळीच्या वर किती होते याची बेरीज ठेवली, तर अळ्या कधी दिसू लागतील याचा अंदाज येतो. त्या सुमारास ठरावीक झाडांच्या ठरावीक फांद्या तपासायच्या, किती फांद्यांवर अंडी आहेत हे पाहायचे आणि मगच उपाय करायचा की नाही हे ठरवायचे. आपल्या कृषी विद्यापीठांच्या भाषेत ही ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. पिकाला लावतो तो नियम रस्त्यावरच्या झाडाला लावायचा, इतकेच. काही वर्षी मोजणी सांगते की यंदा औषधच नको. कॅलेंडर पाहून टोचणाऱ्या ठेकेदाराला हे उत्तर आवडणारे नसते.

माझे मत विचाराल तर मेलबर्नच्या शंभर वर्षांच्या एल्मना खोडात टोचून औषध देणे योग्यच आहे, जिथे मोजणी तसे सांगते तिथे. ती झाडे पुन्हा मिळणार नाहीत आणि अशक्त होऊ देणे म्हणजे सालीतल्या भुंगेऱ्याला निमंत्रण. पण त्याच औषधाच्या भरवशावर नवे एल्म ओळीने लावत जाणे शहाणपणाचे नाही. तरुण झाडाला पाणी मिळाले, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन राहिले, मुळांवर काँक्रीट ओतले गेले नाही, तर पाने खाल्ली तरी ते उभे राहते. तिथे थांबून पाहण्याचे धैर्य लागते. तपकिरी झाड रोज पाहणाऱ्या नागरिकांचे फोन घेताना हे धैर्य टिकवणे सोपे नसणार, हेही मान्य. मेलबर्नचे नागरिक तर या बाबतीत खास आहेत. २०१३ मध्ये महापालिकेने तक्रारी नोंदवण्यासाठी प्रत्येक झाडाला ई-मेल पत्ता दिला, तर लोकांनी तक्रारींऐवजी झाडांना प्रेमपत्रे पाठवली. सर्वाधिक पत्रे आलेल्या झाडांत एक सोनेरी एल्म होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी निवड आहे. इंग्लिश एल्म बियांपासून जवळजवळ वाढत नाही. मुळांतून फुटणाऱ्या फुटव्यांवरच त्याची लागवड होते. स्पॅनिश शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये जनुकीय चाचण्यांतून दाखवले, की इंग्लंडमधले हे सारे एल्म एकाच झाडाच्या प्रती आहेत आणि ते झाड रोमन लोकांनी द्राक्षवेलींना आधार म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी सोबत नेलेले असावे. म्हणजे जंगलभर झाडे, पण जनुकांच्या हिशेबाने झाड एकच. एकाचे पान भुंगेऱ्याला रुचले की सगळ्यांची रुचली, एकाला बुरशी लागली की सगळ्यांना लागली. मेलबर्नमध्ये डच एल्मही पुष्कळ आहेत, पण तेही बहुतांशी कलमांतून वाढवलेले. शेजारी लावलेला चिनी एल्म मात्र भुंगेऱ्याला फारसा आवडत नाही, तो बराच वाचतो. हे ध्यानात घेऊन शहराच्या आराखड्यात मर्यादा घातली गेली: एका जातीची झाडे एकूण झाडांच्या ५ टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची १० टक्क्यांहून आणि एका कुळाची २० टक्क्यांहून जास्त नकोत.

आपल्याकडे हा धडा १९८८ मध्येच मिळाला होता. सुबाभूळ हे त्या दशकातले चमत्काराचे झाड होते. चारा, सरपण, खत, सगळे त्यातून मिळणार म्हणून बांधाबांधावर, माळामाळावर तेच लावले गेले. मग अमेरिका खंडातून पॅसिफिकमार्गे आलेली, रस शोषणारी इवलीशी सुबाभूळ सिला कीड भारतात पोहोचली आणि शेंडे गळू लागले. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणामुळे वाळत गेलेल्या पर्जन्यवृक्षांच्या रांगा अनेकांना आठवत असतील. तिथेही मुळांभोवती काँक्रीट होते आणि रांगेत एकच जात होती. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. गणना झाली की अमुक लाख झाडे, अशी बातमी येते. त्यात पहिल्या तीन जातींचा वाटा किती, हा आकडा छापून यायला लागला, तर पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाला कोणती रोपे नकोत हे आपोआप ठरेल.

तूर्त मेलबर्नला जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये, तिथला हिवाळा जवळ आला की हे भुंगेरे खिडकीच्या फटींतून घरात शिरतात. ते चावत नाहीत, कोणताही आजार पसरवत नाहीत, धान्याला लागत नाहीत. घरात त्यांची वीणही होत नाही, कारण त्यांना एल्मचेच पान लागते. केरसुणीने लोटून बाहेर टाकावेत, फटी बुजवाव्यात, घरात फवारणी करू नये. दुसरी गोष्ट विमानातल्या त्या पिवळ्या-केशरी कार्डाची. त्यावर लाकडी वस्तूंबद्दल विचारलेले असते आणि पुष्कळजण कंटाळून ‘नाही’वर खूण करतात. डच एल्म रोगाची बुरशी आणि तिचा वाहक भुंगेरा समुद्र ओलांडतात ते साल न काढलेल्या लाकडातून. सामानात साल असलेले लाकूड असेल, मग तो ओंडका असो की शोभेचा तुकडा, तर खूण ‘हो’वर करायची.